पाच वॅट आणि दीड किलो : कोल्हापूरच्या डोंगरांवरून हलक्या रेडिओ स्पर्धेची तयारी

हौशी रेडिओच्या स्पर्धेत ठरावीक तासांत जास्तीत जास्त केंद्रांशी, म्हणजे इतर हौशींच्या रेडिओ संचांशी, संपर्क साधायचा असतो, प्रत्येक संपर्कात ठरलेली माहिती द्यायची-घ्यायची असते आणि शेवटी त्याची नोंदवही, म्हणजे लॉग, आयोजकांकडे पाठवायची असते. बहुतेक मोठ्या स्पर्धा घराच्या गच्चीवरील उंच अँटेना आणि शेकडो वॅट वापरणारे लोक जिंकतात. मात्र यातलाच एक चिवट प्रकार असा आहे, की त्यात केंद्र पाठीवरच्या पिशवीत असते, प्रक्षेपणाची शक्ती पाच वॅटच्या पुढे जात नाही आणि वीज बॅटरीतूनच घ्यावी लागते. अमेरिकेतील अॅडव्हेंचर रेडिओ सोसायटीने चालवलेल्या ‘स्पार्टन स्प्रिंट’ या दोन तासांच्या स्पर्धेत तर संपर्कांच्या संख्येला केंद्राच्या वजनाने, पौंडांमध्ये, भागून गुण काढले जात. तालमीत वजनाचा गट पाहून जोड लावतात; इथे गट नाही, वजन थेट गुणांनाच भागते.

या भागाकारामुळे तयारीचा सगळा विचार बदलतो, म्हणून आकड्यांतच पाहू. चार किलोच्या केंद्राने चोवीस संपर्क केले, तर गुण सहा होतात. दीड किलोच्या केंद्राने पंधराच संपर्क केले, तरी गुण दहा होतात. आता या दीड किलोच्या केंद्रात तीनशे ग्रॅमची एखादी वस्तू वाढवली, तर वजन वीस टक्क्यांनी वाढते. म्हणजे संपर्क पंधरावरून अठरावर गेले, तरच मूळचे दहा गुण टिकतात. तीच वस्तू चार किलोच्या केंद्रात घातली, तर वजन साडेसात टक्केच वाढते आणि दोन जादा संपर्कांत ती भरून निघते. केंद्र जितके हलके, तितका प्रत्येक ग्रॅम महाग पडतो. त्यामुळे वस्तू पिशवीत टाकताना ती उपयोगी आहे का, एवढे विचारून भागत नाही. ती वजन जेवढ्या टक्क्यांनी वाढवते, त्याहून जास्त टक्क्यांनी संपर्क वाढवेल का, हा प्रश्न विचारावा लागतो. ज्या स्पर्धांत वजनाचा हिशेब नसतो, तिथेही हे केंद्र चढावर स्वतःलाच वाहून न्यायचे असते. तेव्हा हा प्रश्न तिथेही सोडू नये.

या कसोटीवर अँटेना जवळजवळ नेहमी पास होते, तर जादा बॅटरी, जादा मायक्रोफोन, ‘असू दे’ म्हणून घेतलेला ट्यूनर (अँटेना रेडिओशी जुळवणारा डबा) आणि घडीची खुर्ची बहुधा नापास होतात. पाच वॅट आणि शंभर वॅट यांत तेरा डेसिबलचा फरक आहे आणि सिग्नल मीटरवर एक घर साधारण सहा डेसिबलचे धरतात. म्हणजे शंभर वॅटवर नवाच्या खुणेला पोचणारा आपला आवाज पाच वॅटवर सातच्या आसपास पोचतो. समोरच्याच्या बाजूला गोंगाट कमी असेल, तर एवढ्यावर संपर्क होतो. उलट वाईट अँटेना यापेक्षा कितीतरी जास्त डेसिबल खाऊ शकते आणि ते नुकसान पाठवताना होते तसे ऐकतानाही होते.

कोणती स्पर्धा निवडावी

कोल्हापूरच्या हौशी केंद्रचालकाने आधी घड्याळ पाहावे. स्पर्धांच्या वेळा जागतिक प्रमाणवेळेत दिलेल्या असतात आणि भारतीय वेळ तिच्यापुढे साडेपाच तास असते. ‘फ्लाइट ऑफ द बंबलबीज’ ही अॅडव्हेंचर रेडिओ सोसायटीचीच दुसरी प्रसिद्ध स्पर्धा जुलैच्या शेवटच्या रविवारी १७०० ते २१०० या वेळात होत आली आहे. तिच्यात ‘बंबलबी’ म्हणवणाऱ्यांनी चालत, सायकलने किंवा होडीने, म्हणजे स्वतःच्या बळावर आपल्या जागी पोचायचे असते. कल्पना छान आहे, पण आपल्याकडे ती वेळ रविवारी रात्री साडेदहा ते पहाटे अडीच अशी येते आणि जुलैच्या अखेरीस पन्हाळ्याच्या बाजूला धुके, वारा आणि पाऊस यांखेरीज काही दिसत नाही. जूनच्या चौथ्या शनिवार-रविवारी होणारा अमेरिकेचा ‘फील्ड डे’ शनिवारी रात्री साडेअकराला सुरू होतो. शिवाय अमेरिका खंडांबाहेरील केंद्रांना त्यात संपर्क देता येतो, पण स्वतःची नोंद स्पर्धेसाठी दाखल करता येत नाही. नियम समजून घेण्यासाठी या दोन्ही स्पर्धा वाचाव्यात. त्यांच्यासाठी भर पावसात डोंगर चढण्यात मात्र काही अर्थ नाही.

आपल्याला सोयीची स्पर्धा ‘सीक्यू वर्ल्ड वाईड’ ही आहे. तिचा बोलण्याचा भाग ऑक्टोबरच्या आणि मोर्सचा, म्हणजे टिंब-रेघांच्या संकेतांचा, भाग नोव्हेंबरच्या शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारी होतो. आपल्याकडे ती शनिवारी पहाटे साडेपाचला सुरू होऊन सोमवारी पहाटे साडेपाचला संपते. पाऊस ओसरलेला असतो, गवत अजून हिरवे असते, थंडी बेताची असते आणि पाच वॅटच्या आतील शक्तीसाठी ‘क्यूआरपी’ नावाचा स्वतंत्र गट असतो. अठ्ठेचाळीस तास बसण्याची सक्ती नाही. रविवारी सहा तास काम करून तेवढाच लॉग पाठवला, तरी तो तितकाच वैध असतो. या स्पर्धेत वजनाचा हिशेब नाही, पण जगभरची केंद्रे एकाच वेळी हवेत असल्यामुळे हलक्या केंद्राची परीक्षा घ्यायला यापेक्षा चांगले दिवस मिळत नाहीत.

परवाना

दूरसंचार विभागाचा हौशी केंद्राचा परवाना आणि स्वतःचे कॉलसाइन, म्हणजे केंद्राचे ओळखनाव, हाती आल्याशिवाय प्रक्षेपण करू नये. तोवर ऐकण्याचा सराव करावा आणि तो खूप करावा. सामान्य श्रेणीचे कॉलसाइन सहसा व्हीयू२ने आणि मर्यादित श्रेणीचे व्हीयू३ने सुरू होते. आपल्या श्रेणीला कोणते बँड (वारंवारितांचे पट्टे), कोणते प्रक्षेपण-प्रकार आणि किती शक्ती खुली आहे, तसेच नोंदवलेल्या पत्त्याबाहेर केंद्र चालवण्याबाबत कोणती अट आहे, हे स्वतःच्या परवान्यावरून आणि चालू नियमांवरून पाहावे. परवानगी किंवा पूर्वसूचना लागत असेल, तर ते काम स्पर्धेच्या पुरेसे आधी उरकावे. परवान्याची आणि ओळखपत्राची प्रत प्लास्टिकच्या पिशवीत घालून सोबत ठेवावी. माळावर काठी उभी करून तारा ताणणारा आणि कानाला हेडफोन लावून टिकटिक करणारा माणूस कोणाच्याही नजरेत भरतो. गुराख्याने ‘मोबाईलचा टावर बसवायलाय काय?’ असे विचारले, तर हेडफोन त्याच्या कानाला लावून दोन मिनिटे ऐकवावे. शंका तिथेच मिटते आणि बऱ्याचदा तार बांधायला एक माणूसही मिळतो.

जागा

जागेच्या निवडीत तीन गोष्टी बघाव्यात : गोंगाट, उतार आणि मालकी. शहरात एलईडी दिवे, इन्व्हर्टर, चार्जर आणि कारखान्यांतील यंत्रे यांचा विद्युत गोंगाट इतका असतो, की दूरचे मंद सिग्नल त्यात बुडून जातात. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींजवळ राहणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. डोंगरावर गेल्याचा सगळ्यात मोठा फायदा उंचीचा नसून या शांततेचा आहे. पाच वॅटचे केंद्र ऐकेल तेवढेच मिळवते. म्हणून स्पर्धेच्या आधी एखाद्या रविवारी फक्त रेडिओ आणि तार घेऊन जागेवर जावे आणि प्रत्येक बँडवर अँटेना जोडल्यावर व काढल्यावर गोंगाट किती बदलतो ते ऐकावे. उच्च दाबाच्या वाहिन्या, शेतीपंपाचे ट्रान्स्फॉर्मर आणि मोबाईलचे मनोरे यांच्यापासून जितके दूर जाता येईल तितके जावे.

उताराचे महत्त्व थोडे तांत्रिक आहे. सहा-सात मीटर उंचीवरची आडवी तार बरीचशी शक्ती आकाशाकडे फेकते. पण जमीन समोर उतरत गेली असेल, तर त्या दिशेला कमी कोनातून जाणारा भाग वाढतो आणि दूरचे संपर्क त्यानेच होतात. कोल्हापूरहून युरोप साधारण वायव्येला, ३२० अंशांच्या आसपास आहे आणि जपान ईशान्येच्या किंचित पूर्वेला, साठ अंशांच्या जवळ आहे. म्हणून पठाराच्या मध्यभागी न बसता वायव्येच्या किंवा उत्तरेच्या कडेकडे, कड्यापासून सुरक्षित अंतर राखून, बसावे.

मालकीचा प्रश्न सगळ्यांत सोपा वाटतो आणि तोच सर्वांत जास्त अडवतो. पन्हाळगड संरक्षित स्मारक आहे आणि २०२५ मध्ये मराठा लष्करी भूदृश्यांच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून जागतिक वारसा यादीतही गेला आहे. तेथील तटावर, बुरुजावर किंवा सज्जाकोठीच्या आवारात दोर बांधणे, मेख ठोकणे हा विषयच नको. जोतिबाच्या डोंगरावर रविवारी आणि यात्रेच्या दिवसांत पाय ठेवायला जागा नसते. दाजीपूर-राधानगरी हे अभयारण्य आहे, तिथे या कामासाठी जाऊ नये. पन्हाळ्याच्या पुढचे मसाई पठार मोकळे, झाडे नसलेले आणि शांत आहे. पण तिथेही वनखात्याच्या अखत्यारीतील भाग कोणता, हे स्थानिक वनरक्षकाला विचारून, रानफुले न तुडवता, मळलेल्या वाटेजवळ बसावे. ओळखीच्या शेतकऱ्याचे डोंगरउतारावरचे पडीक रान मिळाले, तर ते या सगळ्यांपेक्षा बरे.

रेडिओ आणि बॅटरी

रेडिओची निवड मोर्स येते की नाही, यावर ठरते. मोर्स येत असेल, तर क्यूआरपी लॅब्जच्या क्यूसीएक्स मिनीसारखा तळहाताएवढा, एका बँडचा संच पुरतो. इलेक्राफ्टचा केएक्स२ सुमारे ३७० ग्रॅमचा असून अनेक बँडवर बोलणे आणि मोर्स दोन्ही करतो. याएसूचा एफटी-८१७ बॅटरी आणि अँटेनासह सुमारे १.१७ किलो भरतो, तर आयकॉमचा आयसी-७०५ बॅटरीसह १.१ किलोच्या आसपास आहे. स्वतः जोडणी करण्याची आवड असणाऱ्यांना हैदराबादचे अशर फरहान, व्हीयू२ईएसई, यांनी आरेखित केलेली बिटेक्स मालिका माहीत असतेच. घरी बांधता येणाऱ्या या संचांमुळे जगभरच्या कितीतरी लोकांना पहिला रेडिओ मिळाला. बोलून होणाऱ्या संपर्कापेक्षा मोर्सचा संपर्क कमी सिग्नलवर होतो, त्यामुळे पाच वॅटमध्ये स्पर्धा खेळायची असेल, तर मोर्स शिकण्यात घातलेले महिने कोणत्याही महागड्या संचापेक्षा जास्त फळ देतात, असे माझे मत आहे.

बॅटरीचा हिशेब अंदाजाने न करता कागदावर करावा. चार तासांच्या स्पर्धेत एकूण एक तास प्रक्षेपण आणि तीन तास ऐकणे धरले, मोर्समध्ये की (कळ) दाबलेली असण्याचे प्रमाण निम्मे धरले आणि संच ऐकताना ०.१ अँपिअर व पाठवताना एक अँपिअर घेतो असे मानले, तर ऐकण्याचे ०.३ आणि पाठवण्याचे ०.५ मिळून ०.८ अँपिअर-तास लागतात. दीड अँपिअर-तासाची बॅटरी यात निभावते. आयसी-७०५ किंवा एफटी-८१७ सारखा संच ऐकतानाच ०.३ ते ०.४५ अँपिअर आणि पाठवताना दोन अँपिअर घेतो, म्हणून त्याच हिशेबाने दोन अँपिअर-तासांच्या आसपास जावे लागते आणि तीनची बॅटरी न्यावी लागते. तीन १८६५० लिथियम सेल मालिकेत जोडले, तर वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास राहते. यूपीएसमधली सात अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी दोन किलोंच्या वर जाते. ही बॅटरी फुकट मिळत असली, तरी ती पिशवीत घालू नये. लिथियम सेलला संरक्षण-मंडल आणि फ्यूज मात्र हवाच. तो वजनाच्या हिशेबातून वगळण्याचा मोह टाळावा.

अँटेना : इथे वेळ घालवावा

माझ्या मते हलक्या केंद्रासाठी सर्वांत उपयोगी अँटेना म्हणजे टोकाने पोसलेली अर्धलहरी तार, म्हणजे लहरीच्या निम्म्या लांबीची आणि एका टोकाला रेडिओ जोडलेली तार. ४० मीटर बँडसाठी (बँडला लहरीच्या लांबीचे नाव असते) कापलेली एकच तार २०, १५ आणि १० मीटरवरही चालते, त्यामुळे ट्यूनर लागत नाही. अर्धलहरीची लांबी मीटरमध्ये काढायला १४२.६ ला मेगाहर्ट्झने भागतात, ७.०३० साठी ती सुमारे २०.३ मीटर येते. वेष्टन असलेली तार थोडी आखूड लागत असली, तरी सुरुवात २०.६ मीटरने करावी आणि मोजत मोजत कापावे, कारण कापलेली तार पुन्हा वाढत नाही.

घरातील वायरिंगची एक चौरस मिलिमीटरची तार वीस मीटर घेतली, तर वजन पाव किलोच्या वर जाते. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारी ०.१४ चौरस मिलिमीटरची बहुतारी वायर तेवढ्याच लांबीत साठ ग्रॅमच्या आसपास भरते आणि पाच वॅटसाठी तिच्यातले नुकसान नगण्य असते. ती पातळ असल्यामुळे गुंतते, म्हणून पुठ्ठ्याच्या किंवा प्लास्टिकच्या पट्टीवर आठच्या आकड्यासारखी गुंडाळावी. गोल गुंडाळी केली, तर उलगडताना प्रत्येक वळणाला पीळ पडतो आणि पठारावरच्या वाऱ्यात तो सोडवत बसावे लागते.

तारेच्या टोकाशी रोध सुमारे अडीच ते तीन हजार ओहम असतो, तो पन्नासवर आणण्यासाठी एकास एकोणपन्नास प्रमाणाचा ट्रान्स्फॉर्मर लागतो. पाच वॅटसाठी एफटी-८२-४३ ही छोटी फेराइट कडी पुरते. तिच्यावर प्राथमिकचे तीन आणि दुय्यमचे एकवीस वेढे घ्यावेत. वेढ्यांचे प्रमाण एकास सात, म्हणून रोधाचे एकास एकोणपन्नास. प्राथमिकला समांतर शंभर पिकोफॅरडचा कपॅसिटर जोडला, की वरच्या बँडवरील जुळणी सुधारते. डबीसकट हे सगळे वीस-तीस ग्रॅममध्ये बसते. एक गोष्ट ध्यानात ठेवावी : पाच वॅटमध्येही या टोकाशी सव्वाशे व्होल्टच्या जवळपास दाब येतो. प्रक्षेपण चालू असताना तारेला हात लावला, तर चटका बसतो, म्हणून बघ्यांना दूर ठेवावे.

काठीसाठी दुर्बिणीसारखी उघडणारी फायबरची, गळाची सहा-सात मीटरची काठी घ्यावी. कार्बन फायबरची घेऊ नये, ती वीज वाहते आणि अँटेनाची जुळणी बिघडवते. बुरुडाकडचा बांबू स्वस्त आणि मजबूत असतो, परंतु सहा मीटरचा बांबू घेऊन मसाईवर चालणे ही वेगळीच स्पर्धा होईल. गाडी जाते अशा शेतात मात्र बांबूसारखी काठी नाही.

आता उभारणी. मसाईवर जांभ्याचा थर आहे, त्यात तंबूची मेख जात नाही. म्हणून काठीच्या मध्यापासून तीन नायलॉन दोऱ्या काढून त्या मोठ्या दगडांना बांधाव्यात आणि बुडखा दगडांच्या बेचक्यात बसवावा. तार मधोमध काठीच्या टोकाला नेऊन दोन्ही बाजू उतरत्या ठेवाव्यात, म्हणजे उलट्या ‘व्ही’चा आकार होतो. काठी सहा मीटर आणि तारेची दोन्ही टोके जमिनीपासून एक मीटरवर ठेवली, तर प्रत्येक बाजू काठीपासून पावणेनऊ मीटरवर येते, टोकाशी कोन साधारण १२० अंशांचा होतो आणि एकूण अठरा मीटर जागा लागते. वायव्येकडे फेक हवी असेल, तर तार ईशान्य-नैर्ऋत्य ताणावी. इतक्या कमी उंचीवर दिशेचा परिणाम फार तीव्र नसतो, त्यामुळे कंपास घेऊन अंशांचा कीस काढू नये. काठीचे वरचे शेवटचे कांडे फार बारीक असते, ते उघडूच नये. तार त्याच्या खालच्या कांड्याला चिकटपट्टीने, एक सैल वळसा देऊन बांधावी, म्हणजे वाऱ्याने काठी वाकली तरी तार ओढून तुटत नाही.

जुळणी नॅनोव्हीएनएसारख्या छोट्या विश्लेषकाने आधी घरच्या रानात करून घ्यावी. तार दहा सेंटिमीटर कमी केली, की ४० मीटरवर अनुनाद, म्हणजे तार सर्वांत चांगली जुळते ती वारंवारिता, सुमारे ३५ किलोहर्ट्झ वर सरकतो आणि २० मीटरवर त्याच्या दुप्पट. मोर्सवाल्यांनी ७.०३० आणि १४.०६० जवळ एसडब्ल्यूआर (जुळणी किती बिघडली आहे ते दाखवणारे प्रमाण) दोनच्या आत आणून थांबावे. अजून चांगले आकडे मिळवण्यात संध्याकाळ घालवली, तरी समोरच्याला काही फरक ऐकू येत नाही.

फीडरसाठी, म्हणजे रेडिओपासून अँटेनापर्यंतच्या जोडणीसाठी, आरजी-१७४ ही बारीक कोॲक्स केबल आठ मीटर घेतली, तर वजन शंभर ग्रॅमच्या आत राहते आणि १४ मेगाहर्ट्झवर सुमारे एक डेसिबल जातो. आरजी-५८ मध्ये तेवढ्याच लांबीत अर्ध्या डेसिबलच्या आत नुकसान होते, पण वजन तीनशे ग्रॅमच्या आसपास. अर्धा डेसिबल मिळवण्यासाठी दोनशे ग्रॅम देणे आधीच्या कसोटीवर टिकत नाही. त्यापेक्षा ट्रान्स्फॉर्मर स्वतःच्या बैठकीजवळ आणून कोॲक्स तीन मीटरची केली, तर दोन्ही वाचतात.

हवामान

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कधीतरी, पण एप्रिल-मेच्या वळवात हमखास, दुपारनंतर ढग चढतात. मोकळ्या पठारावर काठी आणि तार यांच्याशेजारी बसलेला माणूस विजेसाठी सर्वांत सोपे लक्ष्य असतो. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंदांपेक्षा कमी वेळ गेला, तर हेडफोन काढावा, कोॲक्स सोडावी आणि काठी आडवी करण्यात वेळ न दवडता खाली उतरावे. रेडिओत वाढत जाणारा कडकडाट हा ढग दिसण्याच्याही आधीचा इशारा असतो. मसाईवर सावली नसते, त्यामुळे टोपी, तीन लिटर पाणी आणि भाकरीचा डबा हे केंद्राच्या वजनात धरले नाहीत, तरी पाठीच्या वजनात धरावेत.

स्पर्धेचा दिवस

ऑक्टोबरअखेर सूर्योदय साडेसहाच्या सुमारास होतो. सकाळी २० आणि १५ मीटरवर जपान व पूर्व आशिया उघडतात, दहा-अकरानंतर १५ आणि १० मीटरवर आग्नेय आशिया, ऑस्ट्रेलिया ऐकू येऊ लागतात, आणि दुपारी एकनंतर युरोप वर चढत जातो. दुपारी दोन ते सूर्यास्त हा कोल्हापूरच्या हलक्या केंद्रासाठी सोन्याचा वेळ आहे, त्यामुळे जेवण आणि डुलकी त्याआधी उरकावी. सूर्यास्तानंतर २० मीटर काही काळ चालतो आणि ४० मीटर जागा होतो. पण अंधारात पठारावरून उतरायचे असल्यास त्याचा मोह सोडावा. वरचे बँड किती चालतात, हे सूर्याच्या सक्रियतेच्या चढउतारावर ठरते; २५व्या सौरचक्राने २०२४ मध्ये शिखर-काळ गाठला आहे. पुढील वर्षांत १० मीटर हळूहळू उतरेल आणि २० मीटरवर भार वाढेल, हे ध्यानात घेऊन बँडचा क्रम दरवर्षी तपासावा.

सीक्यू वर्ल्ड वाईडमध्ये दुसऱ्या खंडाशी झालेल्या संपर्काला तीन गुण, आपल्याच खंडातील दुसऱ्या देशाला एक गुण, आणि स्वतःच्या देशाला शून्य गुण मिळतात. प्रत्येक बँडवरील नवीन देश आणि नवीन विभाग (स्पर्धेसाठी जगाचे केलेले क्रमांकित भाग) मात्र गुणक म्हणून मोजले जातात, म्हणजे त्यांच्या संख्येने गुणांच्या बेरजेला गुणतात. म्हणून दुपारच्या युरोपला तिप्पट किंमत आहे आणि सकाळी मिळालेल्या एका जपानी किंवा थाई केंद्राची किंमत गुणकांत आहे. देवाणघेवाण सोपी आहे : सिग्नल अहवाल आणि आपला विभाग. भारत २२व्या विभागात येतो, त्यामुळे मोर्समध्ये ‘५९९ २२’ आणि बोलण्यात ‘५९ २२’ एवढेच पाठवायचे. कॉलसाइनच्या शेवटी ‘क्यूआरपी’ जोडण्याची हौस असते; ती टाळावी. त्याने कॉलसाइन लांब होते, समोरच्याचा वेळ जातो आणि कमी शक्तीची दया दाखवून कोणी संपर्क देत नाही.

पाच वॅटमध्ये स्वतः ‘सीक्यू’ (‘कोणी आहे का?’ अशी सर्वांना हाक) ओरडत बसण्यापेक्षा बँडच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत सावकाश फिरून मोठ्या केंद्रांना हाक मारावी. मोठे केंद्र ऐकू आले, की लगेच हाक मारू नये. आधी त्याची लय ऐकावी : तो किती वेगाने पाठवतो, कोणाला उचलतो, थोडा वरचा सूर घेतो की खालचा. गर्दी असेल, तर बरोबर त्याच्या वारंवारितेवर न बसता शंभर-दोनशे हर्ट्झ बाजूला सरकून, बाकीचे थांबल्यावर एकदाच, स्वच्छ, पूर्ण कॉलसाइन पाठवावे. चार-पाच प्रयत्नांत काही झाले नाही, तर वारंवारिता नोंदवून पुढे जावे आणि तासाभराने परत यावे. शनिवारी जिथे पन्नास जण तुटून पडलेले असतात, तिथे रविवारी दुपारी तेच केंद्र कोणी नवीन मिळेल का म्हणून ‘सीक्यू’ देत बसलेले असते. हलक्या केंद्राने डोंगर चढण्यासाठी एकच दिवस निवडायचा असेल, तर तो रविवार असावा.

स्पर्धा नसलेल्या दिवशी कमी शक्तीचे लोक ७.०३०, १४.०६०, २१.०६० आणि २८.०६० या मोर्सच्या, तसेच १४.२८५ आणि २१.२८५ या बोलण्याच्या वारंवारितांभोवती भेटतात. मोठ्या स्पर्धेत या जागा गर्दीत बुडून जातात, तेव्हा तिथे अडून राहू नये.

लॉग

नोंद वहीत पेन्सिलने करावी, शाई घामाने आणि दवाने फुटते. वेळ जागतिक प्रमाणवेळेतच लिहावी. मनगटी घड्याळ निघण्याआधीच त्या वेळेला लावून घ्यावे. घरी आल्यावर नोंदी कॅब्रिलो या, स्पर्धांच्या लॉगसाठी ठरलेल्या संगणकीय नमुन्यात भरून, शक्तीच्या रकान्यात ‘क्यूआरपी’ लिहून, स्पर्धा संपल्यापासून पाच दिवसांच्या आत पाठवाव्यात. शंका असलेले कॉलसाइन अंदाजाने दुरुस्त करू नये. तपासणीत चुकीच्या संपर्काचे गुण जातातच, वर दंडाचेही गुण कापले जातात.

गावपातळीवरची स्वतःची स्पर्धा

परवानाधारक चार-पाच मित्र असतील, तर वजनाने भागणारी स्पर्धा कोल्हापुरातच घेता येते, आणि माझ्या मते ती जागतिक स्पर्धेपेक्षा जास्त शिकवते. जानेवारीतील एक रविवार घ्यावा. सकाळी नऊ ते अकरा, ४० मीटर बँड, शक्ती पाच वॅटच्या आत. त्या वेळी या बँडवर पुणे, बेळगाव, गोवा, हैदराबाद, बेंगळुरू असा शंभर-सहाशे किलोमीटरचा पट्टा चांगला चालतो आणि त्यासाठी सहा मीटरची उलटी ‘व्ही’ योग्यच आहे, कारण तिची आकाशाकडची फेक इथे उपयोगी पडते. प्रत्येकाने वेगळी टेकडी निवडावी आणि शेवटचा एक किलोमीटर तरी चालत जावे.

वजन निघण्यापूर्वी एकाच ठिकाणी, सामानाच्या हुक-काट्यावर, सगळ्यांसमोर करावे. त्यात रेडिओ, बॅटरी, की किंवा मायक्रोफोन, हेडफोन, अँटेना, फीडर, काठी आणि दोऱ्या धराव्यात. पाणी, जेवण, मोबाईल, वही आणि कपडे सोडावेत. अँटेना वजनातून वगळावी की नाही, यावर वाद होतो. ती वगळली, तर लोक मोठ्या अँटेना आणतात. धरली, तर तारेच्या प्रत्येक मीटरचा विचार करतात. मला दुसरे बरे वाटते. जागेवर सापडलेले दगड आणि झाडे मोजू नयेत, पण गाडीतून आणलेला बांबू मोजावा. संपर्कांची संख्या भागिले किलो, एवढेच सूत्र ठेवावे, आणि एका केंद्राशी एकदाच झालेला संपर्क धरावा. गुण समान झाले, तर सर्वांत दूरचा एक संपर्क ज्याचा, तो वर.